भिंतीवरची पिशवी

मी पाण्याचे मीटर वाचते. एकवीस वर्षं झाली. घंटा वाजवायची, झाकण उचलायचं, काच पुसायची, आकडा वहीत लिहायचा आणि पुढच्या दारी जायचं. आकडा फुगला की लोक माझ्यावर डाफरतात, कमी आला की बसायला खुर्ची देतात. मला दोन्हीचं सोयरसुतक नसतं. पाणी कुठे गेलं हे शोधणं माझ्या कामात बसत नाही.

ते काम माझ्या नवऱ्याचं. ते प्लंबर आहेत आणि आमच्या भागात त्यांना सगळे 'गळतीवाले' म्हणतात. भिंतीला कान लावून उभे राहतात, डोळे मिटतात आणि दोन मिनिटांनी बोट ठेवतात, "इथे फोडा." बहुतेक वेळा तिथेच निघतं. मी आकडा फुगलेली घरं हेरून नवऱ्याला कळवते असा काही लोकांचा संशय आहे. तो अगदीच खोटा नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांची पित्ताची पिशवी काढली. पोटात दुखायचं, तपासलं तर खडे निघाले, दुर्बिणीतून पिशवी काढून टाकली, तिसऱ्या दिवशी घरी. खडे एका छोट्या बाटलीत घालून त्यांच्या हातात दिले होते. एकोणीस होते, मी मोजले. ती बाटली यांनी फळीवर, वॉशर आणि नटबोल्टच्या डब्यांशेजारी ठेवली आणि येईल त्याच्यासमोर हलवून दाखवली. "टाकीच काढून टाकली," ते म्हणायचे, "आता गाळ साचणार कुठे?" पाहुणे माना डोलवायचे. मीही डोलवली. ऐकायला ते सरळ वाटत होतं.

यंदा त्यांना अचानक थंडी वाजून ताप आला. डोळे पिवळे पडले, लघवी कडक चहाच्या रंगाची झाली. पुन्हा तपासण्या झाल्या. आमच्या सर्जनबाई उंच, सडपातळ आणि बोलताना हातात पेन लागणाऱ्या. त्यांनी सांगितलं की खडे पिशवीतच होतात असं नाही. यांच्या यकृताच्या आतल्या नळ्यांमध्ये, डाव्या बाजूला, खडे होतेच. पिशवी काढली तरी ते तिथेच बसून होते, वाढत होते, आणि त्यातला एक घसरून मुख्य नळीत येऊन अडकला होता.

बाईंनी पोट उघडून तो काढला. डावीकडचे हाताला लागले तेवढे काढले, बाकीचे फार आत होते. मुख्य नळीत इंग्रजी टीच्या आकाराची रबरी नळी बसवून तिचं टोक पोटातून बाहेर आणलं आणि त्याला प्लास्टिकची पिशवी जोडली. शुद्धीवर आल्यावर ती नळी बघून यांचा चेहरा फुलला. "अगं, ही तर आपली टी!" म्हणाले. पाइप जोडायला ते तसलाच जोड वापरतात.

घरी सोडायच्या दिवशी बाईंनी कागदाच्या पाठीवर चित्र काढून समजावलं. एक झाड, त्याच्या फांद्या, खाली खोड. फांद्या यकृतात, खोड आतड्याकडे. खोडाच्या बाजूला एक फुगा.

"तुम्ही प्लंबर ना? मग तुमच्याच भाषेत सांगते," बाई म्हणाल्या. "हा फुगा म्हणजे पित्ताची पिशवी. ती तुमची टाकी. यकृत दिवसभर पित्त बनवतं, टाकी ते साठवते, आणि तुम्ही जेवलात की एकदम सोडते. जोरात. तुमची टाकी दोन वर्षांपूर्वी गेली. आता पित्त दिवसभर थेंबथेंब झिरपत राहतं. एरवी शरीर त्याची सवय करून घेतं. पण तुमच्या या डाव्या फांद्यांमध्ये खडे आहेत. त्यांच्यामागे पित्त पुढे सरकत नाही, नुसतं साचतं. साचलं की खराब होतं."

हे पुढे सरकून ऐकत होते. आयुष्यात कुठल्याही डॉक्टरचं त्यांनी इतकं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं.

मग बाईंनी सूचना दिल्या आणि त्या मी वहीत लिहून घेतल्या. पहिली ओळ, पिशवी कायम कमरेच्या खाली. दुसरी, रोज सकाळी पिशवीतलं पित्त मापून आकडा लिहायचा. तिसरी, शौचाचा रंग बघायचा. सध्या खोडाच्या आतड्याकडच्या तोंडाला सूज होती, म्हणून बहुतेक पित्त बाहेर पिशवीत येत होतं आणि शौचाला पांढुरकं, ओल्या मातीसारखं होत होतं. सूज उतरली की पित्त आत उतरेल. आकडा कमी होईल आणि रंग परत येईल.

"सहा आठवड्यांनी याच नळीच्या वाटेनं दुर्बीण घालून उरलेले खडे काढू," बाई म्हणाल्या. "तोवर ही वाट स्वच्छ राहायला हवी. मध्ये पुन्हा तसा ताप आला, आत पू झाला, तर मला यकृताचा डावा भाग काढावा लागेल. आणि या प्रकृतीत ते ऑपरेशन त्यांना झेपेल असं मी लिहून देणार नाही."

त्या वाक्यावर मी वही मिटली. यांनी ऐकलं की नाही, माहीत नाही. ते अजून चित्राकडे बघत होते.

घरी आल्यावर आम्ही कामं वाटून घेतली. आकडा माझ्याकडे, रंग त्यांच्याकडे. मी स्पष्टच सांगितलं की रंगाचं मी बघणार नाही. गटाराशेजारची झाकणं उचलण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, मेलेले उंदीर काठीनं बाजूला सारून मी आकडे लिहिलेत, पण नवऱ्याच्या संडासात डोकावायची माझी तयारी नव्हती. त्यांनाही ते नको होतं.

रोज सकाळी कामावर जाण्यापूर्वी मी पिशवीची तोटी उघडून पित्त मापात घ्यायची. चारशे वीस मिलिलिटर. चारशे दहा. चारशे तीस. वहीत तारीख, आकडा. नंतर यांना न्याहारी देऊन निघायची. दुपारी जेवणाला घरी आले की हे पलंगावर तसेच बसलेले असायचे, पिशवी खाली दांडीला, नजर समोरच्या भिंतीवर. कुणी कामासाठी बोलवायला आलं तरी उठून दारापर्यंत जायचे नाहीत. स्वयंपाकघरातला नळ ठिबकायला लागला. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. त्यांच्या कानावर तो आवाज पडत होता, मला ठाऊक होतं, कारण दर थेंबाला त्यांची पापणी हलायची. पण उठले नाहीत. पिवळ्या डोळ्यांनी मी घाबरले नव्हते तेवढी त्या नळानं घाबरले.

सोळाव्या दिवशी दुपारी घरी आले तर हे उभे. हातात हूक, कानाला पेन्सिल.

"जरा स्टूल धर गं."

"कशाला?"

"पिशवी अडकवायला." भिंतीवर, उशीच्या बरंच वर, त्यांनी खूण करून ठेवली होती.

"इतक्या वर? बाईंनी कमरेखाली सांगितलंय."

"दिवसभर कमरेखालीच. नुसतं जेवताना वर." त्यांचे डोळे चमकत होते. "बाईंनीच सांगितलं ना, टाकी होती तेव्हा जेवलं की पित्त जोरात सुटायचं? आता टाकी नाही. मग ही बाहेरची टाकी. दिवसभर खाली ठेवून भरायची, जेवायला बसलं की वर चढवायची. उतारानं आपोआप आत. नाहीतर इतकं चांगलं पित्त रोज मोरीत ओततेस तू."

"बाईंना एकदा फोन करून विचारू या."

"काय विचारायचं? त्या सगळ्यांना एकच सांगतात. टाक्या बसवण्यात माझा जन्म गेला, अगं."

मग त्यांनी पिशवीच्या तोंडापाशी असलेली एक पातळ पडदी मला दाखवली. पिशवीत उतरलेलं पित्त नळीत परत येऊ नये म्हणून ती होती. "नॉन-रिटर्न," ते कौतुकानं म्हणाले, "बघ, किती बारीक काम केलंय." आणि माझ्या नखं कापायच्या कात्रीनं त्यांनी ती कापून टाकली.

मी स्टूल धरलं. मला ते पटलं होतं असं मी म्हणणार नाही. वहीतली पहिली ओळ माझ्याच अक्षरात होती. पण हूक बसवून झाल्यावर ते शीळ घालत स्वयंपाकघरात गेले, पाना मागितला आणि पाच मिनिटांत ठिबकणारा नळ बंद केला. सोळा दिवसांनी मला माझा नवरा परत मिळाला होता आणि त्याला पुन्हा पलंगावर बसवायचं माझ्या जिवावर आलं. म्हणून मी तोंड उघडलं नाही.

त्यानंतर आकडे उतरले. चारशे दहावरून दोनशे नव्वद. मग दोनशे वीस. मग एकशे साठ. सोमवारी मी बाईंना फोन केला.

"एकशे साठ? वा, छान," बाई म्हणाल्या. "सूज उतरतेय. आणि रंग?"

मी फोन यांच्याकडे केला. "ठीक आहे," हे म्हणाले.

ठीक नव्हता. ते मला पुढे कळलं. त्यांनी खोटं म्हणून सांगितलं नव्हतं. उद्यापरवा ठीक होणारच आहे, मग आजच सांगून टाकलं, असा त्यांचा हिशेब. गिऱ्हाइकाला 'निघालोच' म्हणून घरी जेवत बसणारा हा माणूस.

माझी नणंद आली तेव्हा तिला हूक दाखवून झाला. वन्संनी भावाच्या डोक्यावरून हात फिरवला. "लहानपणापासून असाच. शिकला असता तर मोठा इंजिनिअर झाला असता," म्हणाल्या आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू शाळेतून त्याला मीच काढलं होतं.

आमच्या खात्यात नवीन माणसाला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवतात. घरात माणसं तितकीच, कपडे तितकेच वाळत घातलेले, आणि आकडा मात्र एकाएकी उतरला, तर खूश व्हायचं नाही. वाकून बघायचं. मीटर अडकलेला असतो, नाहीतर कुणीतरी मीटरच्या आधीच पाणी दुसरीकडे वळवलेलं असतं. अशी अकरा घरं मी पकडली आहेत. घरच्या वहीत मात्र मी दोनशे वीसखाली एकशे साठ लिहिलं आणि वाकून बघितलं नाही. आकडा उतरेल असं बाईंनी सांगितलं होतं आणि तो उतरत होता. मला तेवढं पुरलं.

पंचविसाव्या दिवशी, दुपारी, हे जेवत होते. पिशवी हुकावर होती. मी समोर बसले होते. त्यांच्या हातातला चमचा ताटावर वाजायला लागला. मला आधी वाटलं, मुद्दाम वाजवतायत. मग दात वाजायला लागले. पलंग हलायला लागला. मी अंगावर पांघरूण घातलं, दुसरं घातलं, तरी थांबेना. ताप मापला तर चाळीस सेल्सिअसच्या वर. डोळ्यांचा पांढरा भाग पुन्हा पिवळा.

मी रुग्णवाहिका बोलावली, वन्संना कळवलं आणि पिशवी हुकावरून काढून छातीशी धरली. गाडीतला माणूस माझ्यावर ओरडला, "ताई, खाली धरा ती, खाली!" मी ती गाडीच्या तळाशी, माझ्या पायांमध्ये धरली आणि सबंध वाटभर तशीच वाकून बसले.

बाईंनी आधी सलाईन, इंजेक्शनं, रक्त काढणं, सगळं उरकलं. मग पिशवी उचलून उजेडात धरली. तोंडापाशी बोट फिरवलं.

"ही पडदी कुणी कापली?"

हे ग्लानीत होते. वन्सं पुढे झाल्या. "आम्हाला काय कळतंय त्यातलं? तुम्ही दिलीत तशीच आहे."

"पिशवी कुठे अडकवत होता?" बाईंनी मला विचारलं.

मला माहीत नाही, असं मला म्हणता आलं असतं. मी दिवसभर बाहेर असते, सगळ्यांना ठाऊक आहे. वन्संनी माझा दंड दाबलाही.

"पलंगाच्या वर, भिंतीवर," मी म्हटलं. "जेवताना. पडदी त्यांनी कापली, कात्री माझी होती. हूक बसवताना स्टूल मी धरलं होतं."

बाईंनी पिशवी खाली दांडीला लावली. "किती दिवस?"

"नऊ. म्हणजे अठरा जेवणं, आजचं धरून."

त्या खुर्चीवर बसल्या. पेन काढलं, पण चित्र काढलं नाही. "आतली पिशवी आणि खालचं दार, दोन्ही एका वेळी चालतात. पोटात अन्न आलं की पिशवी आवळते आणि दार उघडतं. तुमच्या हुकाच्या सांगण्यावरून ते दार उघडत नाही. त्यात ते सुजलेलं. मग पिशवीतलं पित्त उलटं यकृतात चढलं, बाहेरची घाण घेऊन. थेट त्या खड्यांच्या फांद्यांत." त्यांनी पेन बंद केलं. "टाकीचं उदाहरण मी द्यायलाच नको होतं."

मला वाटलं होतं त्या रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तीन दिवस औषधांची वाट बघते," त्या म्हणाल्या. "ताप उतरला नाही, तर डावा भाग काढावा लागेल. आज त्यांची अवस्था बघता, टेबलावरून ते उठतील का, मला सांगता येत नाही. आणि एक. यापुढे आकडा आणि रंग, दोन्ही तुम्ही सांगायचं. मला त्यांचं 'ठीक आहे' नकोय."

तीन दिवस मी रजा टाकली. एकवीस वर्षांतली पहिली सलग रजा. पिशवी खाटेच्या खालच्या दांडीला होती, जमिनीपासून वीतभर वर. पहिल्या दिवशी आकडा दोनशे, गढूळ. ताप चाळीस. दुसऱ्या दिवशी तीनशे दहा, ताप एकोणचाळीस. शौचाच्या भांड्यापासून मी आता तोंड फिरवत नव्हते. परिचारिका ते न्यायला आली की मी झाकण उचलून बघायची. पांढुरकं. वहीत आकड्यापुढे मी 'पांढुरकं' असं लिहायची. हाताला लिहायची सवय नसलेला शब्द, अक्षर वाकडं यायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी यांना जरा जाग आली. "बाईंना सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं."

"माझी कल्पना होती म्हणून?"

"आपली होती म्हणून."

त्यांनी छताकडे बघितलं. "उतार बरोबर होता," म्हणाले.

"उतार बरोबर होता हो," मी म्हटलं. मला त्यांचा इतका राग आला होता आणि ते मरतील की काय याची इतकी धास्ती होती की दुसरं काही सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप अडतीसच्या खाली आला. आकडा चारशे साठ, पित्त स्वच्छ. आकडा मोठा आला म्हणून जन्मात पहिल्यांदा मला आनंद झाला. ऑपरेशनची गरज उरली नाही, बाईंनी सांगितलं, पण आता सगळं पुढे ढकलावं लागेल.

पाच आठवडे ढकललं. मग नळीच्या वाटेनं दुर्बीण घातली, एकदा, दोनदा, तीनदा. डाव्या फांद्यांमधले खडे फोडून ओढून काढले. तपकिरी, मऊ, बोटानं चुरा होणारे. यांनी बाटली मागितली. मी म्हटलं, बाटली मागितलीत तर मी माहेरी जाईन. माझ्या माहेरी आता कुणी नाही, हे त्यांना ठाऊक आहे, पण त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. हूक त्यांनी घरी आल्या आल्या स्वतःच काढला होता. भोक बुजवलं, वर रंग लावला. रंग जुळला नाही.

शेवटी बाईंनी नळीला चिमटा लावून ती बंद केली. आता पित्ताला बाहेर यायची वाटच नव्हती. "दुखलं, ताप आला, तर लगेच चिमटा उघडायचा आणि इकडे यायचं," त्या म्हणाल्या. "नाही आला, तर रंगाकडे बघा. रंग परत आला की समजायचं, पित्त आपल्या वाटेला लागलं. मग नळी काढू. नाही आला, तर डाव्या बाजूचं पुन्हा बोलावं लागेल."

पिशवीत काहीच येत नव्हतं, सकाळी मापायला काही नव्हतं. तरी पहिल्या दिवशी मी वहीत शून्य लिहिलं. लिहिल्यावर कळलं की हे शून्य काहीच सांगत नाही. पित्त आत उतरलं तरी शून्य, अडकून बसलं तरी शून्य. वहीत त्याचा फरक दिसणार नव्हता. मग उठून संडासाच्या दारापाशी गेले आणि म्हटलं, "अहो, मी बघितल्याशिवाय पाणी ओढायचं नाही."

तीस वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांपासून जे काही झाकून ठेवलं होतं, त्यातलं हे शेवटचं. "बरं," ते म्हणाले.

पहिल्या दिवशी पांढुरकं. दुसऱ्या दिवशी पांढुरकं, जरासं पिवळट, की मला तसं वाटावंसं वाटत होतं म्हणून, कोण जाणे. ताप नाही, दुखणं नाही. मी बाईंना फोनवर 'पांढुरकं' सांगितलं. 'जरासं पिवळट' मी माझ्यापाशीच ठेवलं. खात्री नसलेला आकडा मी कधी लिहिला नाही.

तिसऱ्या दिवशी मी कामावर निघायच्या बेतात होते. चपला घातलेल्या, वही काखेत. आतून हाक आली, "अगं, ये."

आवाजावरून काही कळेना. मी चपलांसकट आत गेले. हे भिंतीला टेकून उभे होते, एका हातात लुंगीची गाठ, दुसरा हात फ्लशच्या टाकीवर, आणि माझ्याकडे न बघता वर कोपऱ्यातल्या पाइपाकडे बघत होते. चेहरा शाळेत निकाल ऐकायला उभं केल्यासारखा.

मी वाकले. झाकणं उचलून मी आयुष्य काढलंय, पण इतकं नीट कधी वाकले नव्हते.

तपकिरी. चांगलं, साधं, तपकिरी. कुणाच्याही घरात असतं तसं. मला रडू आलं. मी भिंतीला हात टेकला आणि रडले, आणि हे एकसारखं विचारत होते, "काय झालं? अगं, काय झालं? नाही आला का?"

"आला," मी म्हटलं.

त्यांनी खाली बघितलं. मग माझ्याकडे. मग टाकीवरचा हात हलला. "ओढू?"

"थांबा," मी म्हटलं. "अजून एकदा बघू दे."